उरलेले पाच आठवडे

जागृती घरतला आकड्यांची भीती कधी वाटली नाही. तिला भीती वाटायची ती जून महिन्याची. रेवदंड्याच्या बाजूला एका कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे जून उजाडल्याशिवाय कळायचं नाही. दहा-अकरा वर्षं असंच चाललं होतं. वडील खारपट्टीतले, जन्मभर मिठागरात राबलेले. मिठागर बंद पडलं तेव्हा भाऊ केतनने ट्रेलर घेतला आणि बंदराच्या धंद्यात शिरला. जागृती मात्र मुंबईला राहून एम.एस्सी. झाली आणि परत आली. आई कृष्णाबाईला सोडून तिला कुठे जायचं नव्हतं.

अलीकडे जूनच्या भीतीत आणखी एक भीती मिसळली होती. वर्ग ओस पडत चालला होता. जी मुलं यायची तीही धास्तावलेली असायची. प्रज्योत नावाच्या एका मुलाने एकदा भर तासाला विचारलं, "मॅडम, हे सगळं मोबाइलवर टाकलं की अर्ध्या मिनिटात उत्तर येतं. मग आम्हाला नोकरीवर कोण ठेवणार?"

"काय विचारायचं ते कळायला माणूसच लागतो," जागृती म्हणाली.

मुलांनी माना डोलावल्या. पण त्या दिवशी घरी जाताना तिला आपलंच उत्तर पोकळ वाटलं. ती स्वतः जे शिकली होती त्यातलं निम्मं आता कृत्रिम बुद्धीचं यंत्र करत होतं, आणि उरलेलं निम्मं काय, हे तिला नीट सांगता येत नव्हतं.

त्याच वर्षी नवा अभ्यासक्रम आला. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कॉलेजबाहेर कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं, त्याचे गुण मिळणार. मुलांना पुढे नोकरीची सवय व्हावी हा हेतू चांगला होता. पण या किनाऱ्यावर संख्याशास्त्राच्या पोरांना काम देणार कोण? जागृती स्कूटरवरून दारोदार हिंडली. पतपेढ्या झाल्या, बर्फाचा कारखाना झाला, मांडव्याच्या बोटींचं तिकीट ऑफिस झालं. बहुतेकांनी चहा पाजून वाटेला लावलं. कोपरखारच्या आरोग्य केंद्रातल्या डॉ. विनेश गायकरांनी मात्र तिला बसवून घेतलं.

"मॅडम, माझ्याकडे काम आहे," ते म्हणाले. "सर्पदंशाचं औषध. एकेका माणसाला आठ-दहा कुप्या लागतात. मागच्या वर्षी जास्त मागवल्या, तर मुदत संपून वाया गेल्या आणि वरून माझी खरडपट्टी निघाली. किती ठेवाव्यात ते तुमच्या मुलांनी मागच्या नोंदी बघून सांगावं."

हे काम जागृतीने मृणाली चोगलेला दिलं. मृणाली कोळीवाड्यातली. बाप होडीवर, आई सुक्या मासळीच्या धंद्यात. वर्गात कधी तोंड उघडायची नाही, पण वही बघितली की जागृतीला समाधान वाटायचं. ती महिनाभर आरोग्य केंद्रात गेली, तीन वर्षांच्या नोंदी संगणकात भरल्या, आठवड्यांप्रमाणे मांडल्या. हिशोब यंत्राने केला. अहवालाची भाषाही यंत्राकडून घासूनपुसून घेतली. आता सगळीच मुलं तसं करत होती. अहवालात शेवटी स्वच्छ लिहिलं होतं की दोन रुग्णांना पुरेल एवढा साठा ठेवला तर शंभरातल्या पंच्याण्णव आठवड्यांत औषध कमी पडणार नाही.

जागृतीने तो दोनदा वाचला. गणित बरोबर होतं. तिने खाली सही केली आणि मृणालीला म्हणाली, "एखाद्या कंपनीत दाखवलास तरी चालेल असा झालाय."

डॉक्टर तर खूशच झाले. दोन रुग्णांपुरत्या कुप्या ठेवून बाकीच्या त्यांनी अलिबागच्या बाजूच्या दुसऱ्या एका केंद्राला देऊन टाकल्या. तिथे कमी होत्या आणि इथे वाया जाण्यापेक्षा ते बरं होतं.

ऑक्टोबर लागला. पाऊस थांबला, खारपट्टीत भात पिवळं झालं आणि कापणी सुरू झाली.

त्या शनिवारी जागृती सकाळचा तास घेत होती. टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरत राहिला. तिने दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा बाहेर जाऊन उचलला. पलीकडे मृणाली होती. काम संपलं तरी ती शनिवारी केंद्रात नोंदी भरून द्यायला जायची.

"मॅडम, औषध संपलं," ती म्हणाली.

"कसलं औषध?"

"सापाचं. सकाळी दोघांना चावला. एक शेताच्या बांधावर, एक पेंढा उचलताना. दोघांना दिलं. आता तिसरी बाई आणलीय. तीन-चार कुप्याच राहिल्यात." मग ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, मी दोघांचाच साठा सांगितला होता ना?"

 जागृतीने वर्गात जाऊन मुलांना सोडलं. काय सांगून सोडलं तेही तिला नंतर आठवेना. स्कूटरवरून ती थेट केंद्रावर गेली.

केंद्राच्या ओटीवर माणसं जमली होती. कापणीच्या कपड्यांतच आलेली, पायांना चिखल, डोक्याला फडकी.  आत खाटेवर नीराबाई म्हणून चाळिशीची बाई पडली होती. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून तकतकत होता. दातांच्या खुणांतून रक्त झिरपत होतं आणि थांबत नव्हतं. तिचा नवरा हिरामण उशाशी उभा होता, हातात अजून विळा होता. तो खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

खिडकीत एक काचेची नळी उभी होती, तिच्यात नीराबाईचं रक्त. डॉक्टर गायकर तिच्याकडे बघत होते. अशा वेळी रक्त नळीत घेऊन न हलवता ठेवतात आणि ते गोठतं का बघतात. गोठलं नाही तर विष भिनलं असं समजायचं. वेळ भरल्यावर डॉक्टरांनी नळी अलगद आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"घोणसच," ते म्हणाले. होत्या तेवढ्या कुप्या त्यांनी सलाइनमधून सुरू केल्या. मग बाहेर येऊन जागृतीशी खालच्या आवाजात बोलले, "रुग्णवाहिका सकाळच्या दोघांना घेऊन अलिबागला गेलीय. ती परत यायला वेळ आहे. एवढ्या औषधावर हिला गाडीत घालून पाठवायला माझा धीर होत नाही. ज्या केंद्राला आपण कुप्या दिल्या होत्या, त्यांच्याशी बोललोय. ते कुप्या काढून ठेवतायत. पण आणायला माझ्याकडे आता कोणी नाही."

"मी जाते," जागृती म्हणाली.

मृणाली स्कूटरवर मागे येऊन बसली. तिच्या मांडीवर थर्माकोलचा रिकामा डबा होता.

चौलच्या वाड्यांमधून जाणारा तो रस्ता जागृतीच्या रोजच्या पायाखालचा. दोन्ही बाजूंनी पोफळी, मधून एकच गाडी धड जाईल एवढी वाट. जाताना त्या सुखरूप पोचल्या. तिथल्या परिचारिकेने कुप्या बर्फात घालून, सही घेऊन दिल्या. घात झाला तो येताना. शनिवार असल्याने मुंबईच्या गाड्या मांडव्याला बोटीतून उतरून काशीद-मुरुडकडे निघाल्या होत्या. चौलच्या एका वळणावर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर अडकल्या, मागे रांगा लागल्या. स्कूटर काढायलाही फट नव्हती. एका बाजूला वाडीचा दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाट.

जागृती हॉर्न वाजवत राहिली. पुढचे लोक काचा वर करून निवांत बसले होते. तिच्या डोळ्यांसमोर ती नळी येत होती. मागून मृणालीचा आवाज आला, "मॅडम, ती मेली तर?"

 इतकी वर्षं जागृती मुलांना सांगत आली होती की उत्तर माहीत नसलं तर काहीतरी ठोकून देऊ नका. आता उत्तर नव्हतं आणि गप्प बसणंही सहन होत नव्हतं.

"उतर," ती म्हणाली. "तू डबा घे आणि चालत पुढे हो. गाड्यांच्या पलीकडे कोणी मोटारसायकलवाला दिसला की थांबव. माझ्यासाठी थांबू नकोस."

मृणाली डबा छातीशी धरून गाड्यांच्या मधून आडवी-तिडवी निघाली. गडग्याला घासत, आरशांना कोपर लागत ती पुढे गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. जागृती एकटी स्कूटरवर पाय टेकून उभी राहिली. ती वाट मोकळी होईपर्यंतचा वेळ तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ होता, असं ती आजही सांगते. पोरगी पोचली असेल का, वाटेत डबा पडला असेल का, कुप्या फुटल्या असतील का, हे सगळं तिने एकामागून एक मनात पाहून घेतलं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक विचार हलत होता. त्या अहवालाखाली सही आपली आहे.

ती केंद्रावर आली तेव्हा मृणाली ओटीवर बसली होती. कोपर सोलवटलं होतं, डबा शेजारी रिकामा होता. एका नारळवाल्याने तिला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं होतं. औषध आत चढत होतं. थोड्या वेळाने रुग्णवाहिका आली आणि नीराबाईला घेऊन अलिबागला गेली. गाडीत चढताना हिरामण वळून डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, औषध आधी व्हता ना हितं? मग गेला कुठं?"

डॉक्टर म्हणाले, "मी दुसरीकडे पाठवलं होतं. निर्णय माझा होता."

मृणालीने मान खाली घातली. जागृतीला वाटलं पुढे व्हावं आणि सांगावं की हिशोब आमचा होता. पण पाय हलले नाहीत. गाडीचं दार लागलं.

पुढचे दिवस वाईट गेले. नीराबाईचं मूत्रपिंड काम करेनासं झालं होतं. जगते की नाही याचा भरवसा नव्हता. जागृतीला जेवण जाईना. कृष्णाबाईने विचारलं तर ती डोकं दुखतंय म्हणायची. कॉलेजात कुजबुज पोचली होती. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "पेपरात आलं तर कॉलेजचं नाव जाईल. यापुढे मुलांना दवाखान्यात पाठवायचं नाही. पतपेढ्या आहेत ना." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, भीतीच होती. तीच भीती तिने स्वतःच्या आवाजात ओळखली, जेव्हा ती "हो सर" म्हणाली.

एका दुपारी तिने तो अहवाल पुन्हा काढला. गणित तपासलं. एकही चूक नव्हती. मग तिने नोंदी पुढ्यात घेतल्या आणि ज्या आठवड्यांत दोनपेक्षा जास्त माणसं आली होती ते आठवडे पेन्सिलने रंगवले.  शंभरातले ते उरलेले पाच आठवडे वर्षभर विखुरलेले नव्हतेच. जवळजवळ सगळे दर वर्षीच्या ऑक्टोबरात, एकाला लागून एक, कापणीत. सगळी गावं एकाच वेळी शेतात उतरतात, सगळे हात एकाच वेळी पेंढ्यात जातात. तिचे वडीलही मिठागराचं काम नसलं की कापणीला जायचे, काठीने पेंढा हलवल्याशिवाय हात घालायचे नाहीत. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. यंत्राला कोणी विचारलं नव्हतं की पाच कुठले. मृणालीने नाही, तिनेही नाही. पंच्याण्णव हा आकडा इतका देखणा दिसत होता की पाचाकडे बघायची कोणाला गरजच वाटली नव्हती.

ती कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बराच वेळ ते रंगवलेले चौकोन पाहिले.

"मलाही कळायला हवं होतं," ते म्हणाले. "मी तर दर कापणीला इथेच असतो."

"तुम्ही हिरामणदादांना सांगितलंत की निर्णय तुमचा होता. पण आकडा आम्ही दिला होता. मी तिथे गप्प उभी राहिले."

"मग आता जाऊन सांगा त्यांना," डॉक्टर एवढंच म्हणाले.

जायला तिचा धीर होत नव्हता. तेवढ्यात एके दिवशी हिरामणच कॉलेजच्या फाटकात उभा दिसला. धुतलेला शर्ट, हातात पिशवी. जागृतीला वाटलं, आता हा चार लोकांत बोलणार आणि बोललेलं सगळं खरं असणार. ती जिना उतरून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ती बारकी पोर कुठं हाय?" त्याने विचारलं. "अलिबागला रोज येयाची, बायकोच्या उशाला बसायची. आता चार-पाच रोज आली न्हाय. बायको घरा आली, ती इचारते."

जागृतीला हे काहीच माहीत नव्हतं. मृणाली कॉलेजातही येत नव्हती, पण ती भीतीने घरात बसली असेल असं तिने धरलं होतं. तिथेच फाटकात उभं राहून तिने हिरामणला सगळं सांगितलं. अहवाल, सही, कुप्या का गेल्या, चूक कुठे झाली.  हिरामण ऐकत राहिला. शेवटी तो म्हणाला, "मना त्यातला सगला कलला न्हाय. पन आमी कापनीला जातो ता तुमाला म्हाईत नव्हता क?"

"माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तो एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागला. त्याने माफ केलं की नाही हे जागृतीला त्या दिवशी कळलं नाही, आणि खरं तर पुढेही नीट कधी कळलं नाही.

त्याच संध्याकाळी ती कोळीवाड्यात गेली. मृणाली आईबरोबर बांबूवरून उतरवलेले सुके बोंबील मोजत बसली होती. मॅडमना बघून ती उठली नाही.

"मला नको हे शिकायला," ती म्हणाली. "बोंबील मोजताना चुकले तर कोणी मरत नाही."

"नोकरीत तुला रोज असे आकडे द्यावे लागतील."

"म्हणूनच नको."

जागृती तिच्या शेजारी खाली बसली. समजूत घालणारी वाक्यं तिला सुचत होती, पण ती सगळी प्रज्योतला दिलेल्या त्या उत्तरासारखी पोकळ वाटली. तिने फक्त रंगवलेला कागद तिच्यापुढे धरला. मृणालीने तो घेतला. बघताबघता तिचे ओठ हलू लागले. महिने मोजत असावी. मग ती रडली, अगदी आवाज न करता. तिची आई बोंबील तसेच टाकून जवळ येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघी नीराबाईकडे गेल्या. ती ओसरीवर पाय लांब करून बसली होती. पायाच्या पाठीवरची कातडी गेली होती, चालायला काठी लागत होती, पण मूत्रपिंड पुन्हा चालू लागलं होतं. तिने मृणालीला हाताला धरून जवळ बसवलं.

"आली न्हायस गो बाय? मना वाटला रागावलीस."

"मी का रागावू?" मृणाली म्हणाली. 

"ह्यांनी सांगतला मना. तू हिशेब करतस ना? मग सांग, पुढच्या सालाला किती जनांना चावल?"

मृणालीने जागृतीकडे बघितलं. 

"ते नाही सांगता येत," मृणाली म्हणाली. "कोणालाच नाही येत. पण कापणीत किती औषध असलं म्हणजे जीवाला घोर लागणार नाही, ते सांगता येईल. तेही चुकू शकतं."

"मग तेवढा तरी नीट सांग," नीराबाई म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

तो अहवाल दोघींनी पुन्हा केला. कॉलेजने मनाई केली होती म्हणून तो कुठल्या गुणांसाठी नव्हता. शनिवारी दुपारी आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत बसून त्या काम करायच्या. हिशोब या वेळीही यंत्रानेच केला, पण आधी दोघी परिचारिकांशी बोलल्या, गावोगावच्या आशाताईंशी बोलल्या, कुठल्या गावात कापणी कधी लागते ते विचारून घेतलं. भाषा मृणालीने स्वतः लिहिली, जरा ओबडधोबड. पहिल्याच पानावर, आकड्याच्या आधी, हा अंदाज कधी आणि का चुकू शकतो ते तिने लिहून टाकलं. कापणीपुरता साठा जवळजवळ तिप्पट ठेवायचा आणि कापणी सरली की उरलेला दुसऱ्या केंद्रांना द्यायचा, असं ठरलं.

जूनमध्ये जागृतीला पुन्हा बोलावणं आलं, पण तास कमी करून. ती गेली. मृणालीला बेलापूरच्या एका विमा कंपनीत नोकरी लागली. तिथे आकडे यंत्र काढतं, ते बघून खाली नाव घालायचं काम हिचं. पहिल्या आठवड्यात तिने फोन केला. "मॅडम, भीती वाटते हो नाव घालताना."

"मलाही," जागृती म्हणाली.

पुढची कापणी आली तेव्हा जागृतीची झोप उडाली. फोन वाजला की ती आधी कोपरखारचा तर नाही ना ते बघायची. पण त्या ऑक्टोबरात कोपरखारला फक्त एक माणूस आला, तोही बिनविषारी साप चावलेला. इतर केंद्रांकडेही पुरेशा असल्याने उरलेल्या कुप्या त्यांनी घेतल्या नाहीत. काहींची मुदत संपत आली आणि एवढा साठा का मागवला म्हणून डॉक्टरांना वरून विचारणा झाली.  "मॅडम, आता काय उत्तर देऊ?" त्यांनी फोनवर विचारलं.

जागृतीने तो प्रश्न दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या वर्गापुढे ठेवला. आधीच्या वर्षी काय झालं ते नीराबाईच्या पायासकट सांगितलं, या वर्षी काय झालं तेही सांगून आकडे फळ्यावर मांडले. मग विचारलं, "पुढच्या कापणीला किती सांगाल? आणि खाली सही तुमची आहे."

सगळ्यांच्या खिशात मोबाइल होते. कोणाचाही हात खिशाकडे गेला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी पेन तोंडात धरून फळ्यावरच्या आकड्यांकडे एकटक बघत राहिली. मग तिने विचारलं, "मॅडम, कुठल्या गावात कापणी कधी लागते?" आणि जागृतीला, कितीतरी दिवसांनी, जरा बरं वाटलं.